लोकल, बोट की भाड्याची गाडी? मुंबईतून एका दिवसात किनारा गाठताना

मुंबईत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं की समुद्रकिनारी जायचं म्हणजे शनिवारी गाडी भाड्याने घ्यायची आणि अलिबागचा रस्ता धरायचा. मग पहिल्याच फेरीत वाटेत वडखळला दीड तास अडकून तो परत येतो आणि पुढचे सहा महिने जुहूवर भागवतो. खरं तर मुंबईच्या आजूबाजूचे निम्मे किनारे गाडीपेक्षा लोकलने सोपे पडतात आणि उरलेल्यांतले बरेच बोटीने. भाड्याची गाडी कामाची ठरते ती मोजक्या ठिकाणी, आणि ती ठिकाणं ओळखता आली की निवड करणं कठीण राहत नाही.

आधी दिशा, मग वाहन

नकाशा उघडा आणि जायचं ठिकाण तीनपैकी कुठल्या पट्ट्यात येतं ते बघा.

पहिला पट्टा उत्तरेचा. वसई, नालासोपारा-विरारचे किनारे, अर्नाळा, केळवे, शिरगाव, चिंचणी-तारापूर, डहाणू, बोर्डी. हे सगळे पश्चिम रेल्वेच्या मार्गाला समांतर आहेत, स्टेशनपासून बहुतेक तीन ते बारा किलोमीटरवर. इथे लोकल.

दुसरा पट्टा खाडीपलीकडचा. उरण, मांडवा, किहीम, वरसोली, अलिबाग, नागाव. उरणला लोकल जाते. मांडवा-अलिबागला बोट. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण, तिथून अलिबाग सुमारे 30 किलोमीटर, एसटी किंवा मिनीडोरने (मोठी शेअर रिक्षा).

तिसरा पट्टा रेवदंड्याच्या पुढचा. काशीद, नांदगाव, मुरूड, राजपुरी. गाडीचा उपयोग होतो तो इथे, कारण किनाऱ्यांमधली अंतरं मोठी आणि एसटीच्या फेऱ्या विरळ.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर यांची नावं यात मुद्दाम घेतलेली नाहीत. तिथे एका दिवसात जाऊन येणारे लोक असतात, पण ते समुद्र कमी आणि माणगावचा रस्ता जास्त बघतात. मुक्काम करायचा असेल तरच जा.

आणखी एक जोडी वेगळीच आहे: गोराई आणि मनोरी. बोरिवलीहून गोराई जेट्टीला बस किंवा रिक्षा, पुढे खाडी ओलांडायला होडी, की झालं. मालाडकडून मार्वेला जाऊन मनोरीची फेरी पकडता येते. गाडीने जायचं तर भाईंदर-उत्तन असा मोठा वळसा पडतो. इथे गाडी भाड्याने घेणं म्हणजे पैसे देऊन उशीर विकत घेणं.

लोकलने उत्तरेकडे

चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल 2013पासून धावते. विरारनंतरची स्टेशनं क्रमाने अशी: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. चर्चगेटहून डहाणूला दुसऱ्या वर्गाचं एकेरी तिकीट पन्नास रुपयांच्या आत बसतं. अंधेरीहून डहाणूला सव्वादोन तास धरा, चर्चगेटहून पावणेतीन.

नवख्या माणसाची गल्लत होते ती गाड्यांच्या संख्येबद्दल. विरारपर्यंत दर काही मिनिटांनी लोकल असते, म्हणून पुढेही तशीच असेल असं तो धरून चालतो. विरार-डहाणू मार्गावर आजवर दोनच मार्गिका होत्या आणि त्यांवरूनच गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. चौपदरीकरण मार्गी लागलेलं आहे, पण ते पूर्ण होईपर्यंत लोकलच्या दोन फेऱ्यांत तास-दीड तासाचं अंतर पडू शकतं, आणि एखादी एक्स्प्रेस पुढे काढायची असेल तर लोकल मधेच थांबवून ठेवतात. म्हणून या मार्गावर वेळापत्रक बघूनच घराबाहेर पडायचं. जाण्याची एक आणि परतीच्या दोन गाड्या कागदावर लिहून घ्या. परतीच्या दोन यासाठी की पहिली हुकली तर दुसरी किती वाजता आहे हे किनाऱ्यावर नेटवर्क नसताना कळलं पाहिजे.

रविवारी निघणार असाल तर शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याची, बातमी बघा. पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आणि मध्य-हार्बरचा मेगाब्लॉक बहुतेक रविवारी सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत असतो. त्यात जलद गाड्या धिम्या मार्गावर येतात, काही रद्द होतात. सकाळी आठच्या आत बोरिवली ओलांडलं आणि परतीला चारनंतर निघालात तर ब्लॉकचा फारसा त्रास होत नाही.

तिकिटाचं काम असं करा. रेल्वेच्या रेलवन ॲपमध्ये घरूनच पैसे भरून ठेवा आणि स्टेशनकडे निघताना तिकीट काढा. पेपरलेस तिकीट स्टेशनच्या हद्दीत, रुळांच्या अगदी जवळ निघत नाही. तिथे पोहोचून आठवलं तर भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, नाहीतर खिडकीची रांग. उपनगरी तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू झाला पाहिजे. परतीचं तिकीट तिकडूनच काढा, कारण येताना स्टेशन बदलण्याची पाळी अनेकदा येते. काही एक्स्प्रेस गाड्या पालघर, बोईसर, डहाणूला थांबतात आणि लोकलपेक्षा लवकर पोहोचवतात, पण त्यांना लोकलचं तिकीट चालत नाही. टीसीने पकडलं तर भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड.

गर्दीचा हिशेब इथे उलटा आहे. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे धावते, म्हणून उत्तरेकडची गाडी रिकामी असेल असा अंदाज करतात. अंधेरी-बोरिवलीपर्यंत तो खरा ठरतो. पण कामाच्या दिवशी तारापूर एमआयडीसीत जाणारे कामगार वसई-विरारहून बोईसरपर्यंत त्याच गाड्यांत भरलेले असतात. बसायला जागा हवी असेल तर विरारहून सुटणारी डहाणू लोकल धरा. आधीची कुठलीही विरार लोकल पकडून विरारला उतरायचं आणि तिथे सुटण्याआधी दहा मिनिटं गाडीत बसायचं. परतीला डहाणूहून सुटणारी गाडी बरी, कारण पालघरला ती भरते. आणि संध्याकाळी दादरहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचा विचार कधी करू नका. दारातली विरारची गर्दी उतरू देत नाही.

कल्याण-डोंबिवलीकडच्या लोकांना दादरला यायची गरज नाही. दिव्याहून भिवंडी रोड, कामण रोडमार्गे वसई रोडला मेमू (लोकलसारखीच विजेवरची गाडी) जाते. फेऱ्या कमी आहेत, पण सकाळची एखादी जमली तर बराच वेळ वाचतो.

शेवटचे सात किलोमीटर

लोकल की गाडी हा प्रश्न मुंबई ते केळवे रोड या अंतरावर ठरत नाही. तो ठरतो केळवे रोड स्टेशन ते केळव्याचा किनारा या सात-आठ किलोमीटरवर, आणि त्यातही संध्याकाळी सहाला.

सकाळी लोकल आली की स्टेशनबाहेर शेअर रिक्षा उभ्या असतात. माणसं भरली की निघतात, वीस मिनिटांत किनाऱ्यावर सोडतात. हाच प्रवास संध्याकाळी उलटा करताना रिक्षा मिळत नाही, कारण रिक्षावाले लोकलच्या वेळेप्रमाणे स्टेशनवर थांबतात, किनाऱ्यावर नाही. उपाय सोपा आहे. सकाळी ज्या रिक्षाने गेलात त्याचा नंबर घ्या आणि परतीची वेळ तेव्हाच ठरवा. भाडं दोन्ही बाजूंचं आधी बोलून घ्या, पैसे मात्र एका वेळचेच द्या. परतीच्या लोकलच्या किमान पाऊण तास आधी किनाऱ्यावरून निघायचं असं धरून वेळ सांगा. चौघं असाल तर शेअरची वाट न बघता आख्खी रिक्षा करा, फरक फार पडत नाही.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. वसई रोडहून वसईचा किल्ला सात-आठ किलोमीटर, महापालिकेची बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. पहिलीच सहल असेल तर हीच करा, कारण परतीच्या लोकलची चिंताच नाही. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला बघायला दोन तास पुरतात, मग सुरुची बागेचा किनारा. विरार पश्चिमेहून अर्नाळा दहा किलोमीटर, बस मिळते. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, तिथे होडीने जावं लागतं. डहाणू रोडहून डहाणूचा किनारा तीन-चार किलोमीटर, हे सगळ्यात सोपं. बोर्डी मात्र डहाणूहून सतरा किलोमीटर लांब. बोर्डीला खरं जवळचं स्टेशन घोलवड, पण लोकल डहाणूलाच संपते आणि घोलवडला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. त्यामुळे बोर्डीला डहाणूहून एसटी किंवा रिक्षा. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, रस्त्याकडेच्या वाडीतून घ्या, पण अर्धे कच्चे मागा. पिकलेले लोकलच्या गर्दीत टिकत नाहीत.

खाडीपलीकडे: उरणची लोकल आणि मांडव्याची बोट

उरणची रेल्वे जानेवारी 2024पासून पूर्ण मार्गावर सुरू आहे. नेरूळ आणि बेलापूर दोन्हीकडून गाड्या सुटतात, नेरूळहून सुमारे पाऊण तास. हार्बरने येणाऱ्यांनी नेरूळला उतरून गाडी बदलायची. फेऱ्या कमी आहेत, म्हणून नेरूळची वेळ बघून मग सीएसएमटीहून निघा. उरण स्टेशनहून पीरवाडीचा किनारा रिक्षाने जवळ आहे. पोहण्यासाठी नाही, संध्याकाळ घालवायला चांगला. भाऊच्या धक्क्याहून उरणच्या मोरा बंदरात येणाऱ्या लाँचेसही आहेत. एका बाजूने लाँच आणि दुसऱ्या बाजूने लोकल असं केलं तर दिवस छान जातो.

अलिबागला जायचे बोटीचे दोन मार्ग आहेत आणि नवखे लोक त्यांत घोळ घालतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला कटामरान जातात, तासाभरात पोहोचतात. बहुतेक तिकिटांत मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तिकीट घेतानाच विचारा आणि तो कागद टाकू नका. ही सेवा पावसाळ्यात बंद असते, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत. दुसरा मार्ग भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो. 2020 साली सुरू झालेली ही मोठी बोट गाड्याही नेते आणि हवामान फारच बिघडलं तर वगळता पावसाळ्यातही चालते. भाऊच्या धक्क्याला जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड. गेटवेला जाऊन रो-रो शोधणारे किंवा भाऊच्या धक्क्यावर कटामरानच्या खिडकीची चौकशी करणारे दर रविवारी भेटतात.

मांडव्याहून अलिबाग सुमारे 20 किलोमीटर. मांडवा आणि अलिबागला स्कूटर भाड्याने मिळते. दोघं असाल तर बोट आणि स्कूटर ही जोडी भाड्याच्या मोटारीला सहज मागे टाकते. लायसन्स मूळ प्रत किंवा डिजिलॉकरमध्ये हवं, हेल्मेट दोन मागून घ्या, ब्रेक तिथेच चालवून बघा.

एसटीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: महिलांना एसटीत अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि 65 ते 75 वयाला निम्मं. आजी-आजोबांना घेऊन पेणपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी असं केलं तर खर्च बराच कमी होतो. गुडघ्यांचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो.

भरती-ओहोटी: वेळापत्रकाच्या आधीचं वेळापत्रक

वाहन कुठलंही असो, किनाऱ्यावर पोहोचायची वेळ समुद्र ठरवतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीत वाट बुडते. केळव्याला भरतीत वाळू अगदी चिंचोळी उरते. भरतीचे तक्ते ऑनलाइन मिळतात, पण कोळीवाड्यातला हिशेब डोक्यात असलेला बरा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. किल्ल्यात जायचं तर तक्ता बघाच.

यात एक गोम आहे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणून सहलीला तोच दिवस उत्तम असं वाटतं. पण अष्टमीच्या आसपासची भरती-ओहोटी भांगाची असते. पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. कुलाबा किल्ल्याची वाट तेव्हा नीट कोरडी होईल याची खात्री नसते. त्यापेक्षा द्वादशी-त्रयोदशीची दुपारी तीन-चारची ओहोटी किंवा तृतीया-चतुर्थीची सकाळी साडेआठ-नऊची ओहोटी घ्या. उधाणाच्या जवळचे दिवस असल्याने पाणी लांब जातं. पण उधाणात भरती वेगाने परत येते, म्हणून ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात किल्ल्यातून बाहेर पडा.

गाडी कधी घ्यावी

पुढच्यापैकी दोन गोष्टी लागू होत असतील तर गाडी: चार किंवा पाच माणसं आहेत, त्यांत लहान मूल किंवा चालायला त्रास असलेलं कोणी आहे, रेवदंड्याच्या पुढे जायचं आहे, एका दिवसात दोन-तीन किनारे करायचे आहेत, आठवड्यातला मधला दिवस मिळाला आहे. फक्त "आपली गाडी असली की बरं" या कारणासाठी रविवारी घेऊ नका.

खर्चाचं गणित आधी कागदावर मांडा. दादरहून अटल सेतूमार्गे अलिबाग, तिथली फिरती आणि परत, मिळून 210 किलोमीटर धरा. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या छोट्या गाडीला 14 लिटर पेट्रोल. 104 रुपयांच्या दराने 1,456. अटल सेतूचा टोल कारला एकेरी 250 आणि त्याच दिवशी येऊन-जाऊन 375. गाडीचं दिवसाचं भाडं 2,500 धरलं तर बेरीज 4,331, पार्किंग वेगळं. चौघांत माणशी अकराशेच्या घरात, दोघांत बावीसशेच्या. चौघांना गाडी परवडते. दोघांनी कटामरानचं तिकीट आणि स्कूटरचं भाडं मिळवून तुलना करावी, उत्तर लगेच मिळेल. मुंबईच्या वेशीवरचे टोलनाके हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024पासून मोफत आहेत. अहमदाबाद महामार्गावर खानिवडे आणि चारोटीला मात्र टोल लागतो.

ड्रायव्हरसकट गाडी घेणार असाल तर बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुधा 250 ते 300. तुम्ही 180 फिरलात तरी पैसे तितक्याचे. वर ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा आकार. ठरवताना "टोल-पार्किंग धरून की सोडून" एवढं एक वाक्य विचारलं की संध्याकाळचं भांडण टळतं.

स्वतः चालवायची गाडी घेताना आधी नंबरप्लेट बघा. चालकाविना भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीतून किंवा ॲपवरून स्वस्तात मिळते, पण खासगी वाहन भाड्याने चालत होतं असं दिसलं तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी दावा नाकारू शकते. हजार रुपये वाचवायला ही जोखीम फार मोठी आहे.

मग गाडी ताब्यात घेताना, क्रमाने:

1. चालू मोबाइल कॅमेऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारा. चारही बंपर, चारही रिम, छप्पर, काच. अंधारात गाडी घेऊ नका, ओरखडे दिसत नाहीत आणि परत देताना ते तुमच्या नावावर पडतात.
2. डॅशबोर्डचा फोटो: किलोमीटर, पेट्रोलचा काटा, पेटलेले दिवे.
3. डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का ते बघा. स्टेपनीत हवा आहे का ते अंगठ्याने नाही, पहिल्या पंपावर तपासा.
4. आरसी, विमा, पीयूसीची मुदत. फास्टॅगमध्ये शिल्लक किती आणि कापलेले पैसे कसे वसूल होणार ते विचारा. टॅग ब्लॅकलिस्ट असेल तर नाक्यावर दुप्पट टोल रोख भरावा लागू शकतो.
5. किलोमीटरची मर्यादा, त्यावरचा दर, उशीर झाल्यास तासाचा दंड आणि डिपॉझिट कधी परत येणार हे मेसेजवर लिहून घ्या. बोर्डीला जाणार असाल तर राज्याची हद्द ओलांडायची परवानगी आहे का तेही, कारण गुजरातचं उंबरगाव अगदी लागून आहे.

रस्ता

दक्षिणेकडे जाताना अटल सेतूने वाशी-पनवेलची गर्दी टळते. सेतू 21.8 किलोमीटर, कारला वेगमर्यादा 100. वर गाडी थांबवायला बंदी आहे आणि पेट्रोल पंप नाही, म्हणून शिवडीच्या आधीच टाकी बघा. फोटोसाठी थांबणाऱ्यांना दंड होतो. दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर प्रवेशच नाही. चिर्ल्याला उतरून पुढे पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. सेतूने वाचवलेला वेळ वडखळला परत जातो, हे रविवारी हमखास घडतं. सकाळी साडेसहाच्या आत मुंबई सोडली तर वडखळ मोकळं मिळतं. परतीला एकतर तीनला अलिबाग सोडा किंवा रात्री जेवून साडेनऊला. पाच ते आठमध्ये निघणं टाळा.

मुरूड एका दिवसात करायचं तर पहाटे पाचला निघा. मुंबईहून जवळपास 150 किलोमीटर, चार ते पाच तास. आधी सरळ राजपुरीला जाऊन जंजिऱ्याची होडी घ्या, मग येताना काशीद. बहुतेक लोक उलट करतात, काशीदला पाय पसरतात आणि राजपुरीला पोहोचतात तेव्हा होड्यांची रांग वाढलेली किंवा शेवटची होडी सुटलेली असते. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात.

रो-रोने गाडी नेणार असाल तर दोन्ही बाजूंचं बुकिंग आधीच करा. जाताना जागा मिळते, रविवारी संध्याकाळी मांडव्याहून परतीची मिळत नाही आणि मग शंभर किलोमीटर रस्त्याने यावं लागतं.

उत्तरेला गाडीने जायचं तर वसई खाडीवरचा वर्सोवा पूल आणि घोडबंदरचा तिठा ही मुख्य अडचण. पालघर-केळव्यासाठी मनोरहून आत वळायचं, डहाणू-बोर्डीसाठी चारोटीहून. भाईंदर-वसई रो-रो फेब्रुवारी 2024पासून चालू आहे, ती खाडी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडते आणि रस्त्याचा जवळपास 38 किलोमीटरचा वळसा वाचवते. गाडी घेऊन वसईला जाणाऱ्याने महामार्गाच्या नादी लागूच नये.

वाळू

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, स्थानिक घोडागाड्या फिरताना दिसतात आणि मोह होतो. गाडी थांबली की वजनाने चाकाखालचं पाणी वर येतं आणि वाळू भुसभुशीत होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक खड्डा करतं आणि गाडीचा तळ टेकतो. भरती यायला लागली की तास-दीड तासात पाणी इंजिनापर्यंत. किनाऱ्यावर गाडी उतरवायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, आणि भाड्याच्या करारात असं नुकसान भाडेकरूच्या माथी असतं. खारं पाणी इंजिनात गेलं तर चावी फिरवूच नका, सुरू करण्याच्या प्रयत्नातच इंजिन कायमचं जातं.

चुकून रुतलीच तर आधी सगळे उतरा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरांतली हवा निम्मी करा, चाकाखाली रबरी पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर जवळच्या वाडीत ट्रॅक्टर विचारा. भाव तो भरतीकडे बघून सांगेल.

परत देताना

पेट्रोल घेतलं तेवढ्याच काट्यावर आणा, शेवटच्या पाच किलोमीटरमधल्या पंपावर भरून पावती ठेवा. पायपुसण्या झटका, सीटखालची वाळू काढा. साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापण्याचं ते आवडतं कारण आहे. मासळी आणली असेल तर डिकीत बर्फाच्या पेटीतच ठेवा, वास दोन दिवस जात नाही आणि त्याचेही पैसे लागतात. पुन्हा एक व्हिडिओ, पुन्हा डॅशबोर्डचा फोटो. त्यानंतर महिनाभर ई-चलनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघत राहा, कारण सेतूवरच्या कॅमेऱ्याचं चलन मालकाकडे येतं आणि तिथून फिरून तुमच्याकडे, तोवर डिपॉझिट अडकून असतं.